बटणाचं म्यान

परांजपे साहेबांच्या हातात चाकूची मूठ राहिली आणि पातं बांबूत. मूठ आतून पोकळ होती. तिच्यातून एक होकायंत्र, मासे धरायचे गळ, काड्या आणि दोरीचं एक भेंडोळं रेंज ऑफिसच्या अंगणात सांडलं. होकायंत्राची सुई थोडी डगमगली आणि मग इमानदारीनं उत्तर दाखवू लागली.

आम्ही सगळे गोल करून उभे होतो. कोणी हसलं नाही. सरकारी नोकरीत हे वेगळं शिकवावं लागत नाही.

“मेहुण्यानं अमेरिकेहून आणलाय,” साहेब मुठीकडे बघत म्हणाले.

“बांबू जरा जास्तच पक्का निघाला साहेब,” मी म्हणालो. एवढं तर म्हणावंच लागतं.

चिन्ना मडावी पुढे झाला. त्यानं कुऱ्हाडीच्या पाठीनं दोन ठोके दिले, पातं मोकळं केलं आणि साहेबांच्या पायापाशी जमिनीवर ठेवलं. साहेबांनी हात पुढे केला होता. चिन्नानं तो हात जणू पाहिलाच नाही. साहेबांच्या कपाळावर आठी आली.

त्यात चिन्नाचा उद्धटपणा काही नव्हता. धारेची वस्तू हातातून हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि दुसऱ्यानं उचलायची, ही रीत बऱ्याच ठिकाणी आहे. आमच्या झाडीपट्टीत ती जरा जास्तच कडक पाळतात. सुरी असो, विळा असो की वस्तरा. हातात दिली तर दोघांत भांडण लागतं म्हणतात. साहेबांना जीपपर्यंत सोडताना मी हे सांगितलं.

“अंधश्रद्धा,” साहेब म्हणाले. पण आठी गेली.

मी तेव्हा धानोऱ्याच्या बाजूला एका रेंजचा आरएफओ होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. जंगलाचा सगळ्यात लहान तुकडा म्हणजे बीट. त्यावर एक गार्ड. अशा काही बीटांची मिळून रेंज, आणि तिचा कारभार बघणारा आरएफओ. आमच्यावर डीएफओ, म्हणजे परांजपे साहेब. आणि सगळ्यांच्या खाली, पण जंगलात शिरताना सगळ्यांच्या पुढे, वनमजूर. चिन्ना वनमजूर होता. रोजंदारीवर. आग विझवता विझवता त्याचे केस पिकायला आले होते आणि तो अजून रोजंदारीवरच होता. त्या वर्षी मात्र त्याला कायम करायचा प्रस्ताव तयार झाला होता. फक्त साहेबांची सही व्हायची होती. रेंजमधल्या झाडून सगळ्यांना हे माहीत होतं. चिन्नाच्या कुत्र्यालासुद्धा माहीत असावं.

परांजपे साहेब पुण्याचे. माणूस मनानं चांगला, अभ्यासू, कामाला वाघ. एकच खोड, वस्तूंचा सोस. त्यांच्या जीपमध्ये तीन प्रकारचे टॉर्च, घडीची खुर्ची, आणि जिच्यात थर्मामीटर आहे अशी एक शिट्टी होती. शिट्टी मारताना ताप कशाला मोजायचा, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पण त्यांची कल्पना खरोखर चांगली होती, हे मान्य केलं पाहिजे. आगीचा मोसम लागायच्या आत प्रत्येक गार्डजवळ आणि वनमजुराजवळ एक चांगला चाकू असावा. तोवर ज्याला जे मिळेल ते तो नेई. कोणी घरचा विळा, कोणी बायकोची सुरी कागदात गुंडाळून. सुरी गेली की घरी स्वयंपाक अडे आणि माणूस दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं ड्यूटीवर. जंगलात आग लागली की पाणी नसतंच. हिरव्या डहाळ्या तोडायच्या आणि जाळावर झोडपायच्या. डहाळी तोडायलाच काही नसेल तर माणूस आगीपुढे नुसता उभा.

चाकू न मिटणाराच पाहिजे, यावर साहेबांचं आणि माझं एकमत होतं. याला फिक्स्ड ब्लेड म्हणतात. मिटणाऱ्या चाकूच्या सांध्यात माती जाते, तो ऐन वेळी उघडत नाही, नाही तर नको तेव्हा बोटांवर मिटतो. न मिटणाऱ्याला सांधाच नाही. पण मग त्याचं पातं उघडं राहतं, म्हणून त्याला म्यान लागतं. हे म्यान प्रकरण नीट लक्षात ठेवा.

अमेरिकन नमुना बांबूत संपला. दुसरा नमुना नागपूरच्या एका सप्लायरनं दिला. आरशासारखा चकचकीत, प्लास्टिकच्या म्यानात. बांबूवर दुसऱ्याच घावाला तो वाकला. सप्लायर म्हणाला, “साहेब, भाजी कापायला बेस्ट आहे.” साहेबांनी तरी त्याचाच दुसरा, पिशवीबंद नग एका गार्डला वापरायला दिला. नाही तर एकाच नमुन्यातून निवड केली असं दिसलं असतं.

मग मी साहेबांना चंद्रपूरला हनीफभाईंकडे घेऊन गेलो. हनीफभाईंचे वडील कुऱ्हाडी घडवायचे. हनीफभाई चाकू-सुऱ्या घडवत आणि त्यांचा धाकटा भाऊ चामड्याचं काम करी. बाजाराच्या मागच्या गल्लीत छोटं दुकान, आत भाता आणि ऐरण, बाहेर एक बाकडं. साहेब बाकड्यावर बसले आणि बोटं मोजायला लागले.

“एकच चाकू, पण सगळी कामं झाली पाहिजेत. डहाळ्या तोडणं, बांबू सोलणं, जळण फोडणं, दोर कापणं, डांबराचा डबा उघडणं, कंद खणणं, पायातला काटा काढणं, कांदा चिरणं, आणि वेळ पडली तर काठीला बांधून भाला.”

हनीफभाईंनी चहा मागवला. मग शांतपणे विचारलं, “साहेब, तुमाले चाकू पायजे का पुरी दुकान?”

साहेब हसले नाहीत. मग मीही हसलो नाही.

“एवढं सारं एकाच्यानं होते साहेब, पण थोडं थोडं,” हनीफभाई म्हणाले. “कुऱ्हाडीसारखं झाड नाई पडणार, अन् वस्तऱ्यासारखी दाढी नाई होणार. मंजूर हाये का?”

“मंजूर,” साहेब म्हणाले. डीएफओकडून इतक्या लवकर मंजुरी घेतलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मग वाटाघाटी सुरू झाल्या. साहेब वीतभर पातं मागत होते. हनीफभाई म्हणाले, “वीतभर केलं का माणूस त्यानं कुऱ्हाडीचं काम कराले जाते. चार बोटं केलं का पेन्सिलच छिलत बसते. तळहाताएवढं ठेवू, थोडं वरच.” साहेबांना स्टेनलेस हवं होतं. हनीफभाईंनी ट्रकच्या कमानीचा पाटा दाखवला. “हे काळं पडन, तेल नाई लावलं तर जंगही चढन. पण दगडावर घासलं का धार वापस. स्टेनलेसले धार लावाले तुमचा माणूस जंगलातून माझ्याजवळ येईन का?”

साहेबांना पाठीवर करवतीचे दात हवे होते, अमेरिकन चाकूला होते तसे. हनीफभाईंनी एक ढलपी घेतली, त्यावर एका जुन्या सुरीचं पातं टेकवलं आणि पाठीवर लाकडाचा ठोकळा हाणला. ढलपीचे दोन तुकडे झाले. “पाठीले दात केले तर ठोका कुठी मारता? जळण कायनं फोडता?”

दात रद्द झाले.

आता मूठ. पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो त्याला टँग म्हणतात. साहेबांच्या अमेरिकन चाकूचा टँग बोटाच्या पेराएवढाच होता, बाकी मुठीत होकायंत्राचा संसार. हनीफभाईंनी पट्टी मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध ठेवली, दोन्ही बाजूंना धावड्याच्या लाकडाच्या फळ्या आणि तीन रिबिटा. धावडा म्हणजे ज्याचे कुऱ्हाडीला दांडे करतात ते लाकूड. मुठीजवळ पात्यावर त्यांनी आपला ठसा मारला, तीन ठिपके. वडिलांचा ठसा तोच होता.

इथपर्यंत साहेब सगळीकडे हरले होते. म्यानाची वेळ आली तेव्हा ते ताठ बसले. “म्यान मात्र मी सांगतो तसं.”

आणि गंमत बघा, इथे हनीफभाईही त्यांना सामील झाले. पात्याबद्दल एवढा काटेकोर माणूस, पण धाकट्या भावाच्या कारागिरीचा त्याला भारी अभिमान. जाड तपकिरी चामडं, कडेला दुहेरी शिवण, बेल्टमध्ये ओवायला मागे पट्टा, आणि मुठीवरून येणाऱ्या पट्टीला पितळी बटण. टच् करून लागायचं, टच् करून उघडायचं. साहेबांनी ते बटण इतक्या वेळा उघडलं आणि लावलं की शेवटी हनीफभाईंच्या भावानं म्यान हळूच त्यांच्या हातातून काढून घेतलं. पावसात भिजू नये म्हणून त्याला चरबी चोळली होती. म्यान चमचम चमकत होतं. नवरीकडे कोणी बघत नाही, सगळे शालूच बघतात, तसं झालं. आठवडाभरानं चाकू आला तेव्हाही ऑफिसात जो तो बटण उघडून बघे, आणि पातं न बघताच पुन्हा लावून ठेवी.

हा नमुना चिन्नाला द्यायचा ठरला, कारण रोज जंगलात जाणारा तोच. साहेबांनी चाकू उचलला, हात पुढे केला, मग काहीतरी आठवून मला विचारलं, “टेबलावर ठेवलं तर चालतं का?”

“चालते साहेब.”

साहेबांनी चाकू टेबलावर ठेवला. चिन्नानं उचलला.

“सरकारी वस्तू आहे. होळीच्या आत परत पाहिजे. म्यानासकट. बेल्टला लावत जा.”

चिन्नानं आपल्या कमरेकडे बघितलं. नाडीची हाफपँट, वर गुंडाळलेला दुपट्टा. बेल्ट युनिफॉर्मबरोबर मिळतो आणि युनिफॉर्म कायम झालेल्यालाच. आम्ही सगळे बेल्टवाले होतो. म्यान ठरवताना बेल्ट नसलेलं कोणी तिथे नव्हतंच. साहेबांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी लगेच दुसरा विषय काढला.

होळी जवळ आली. गार्डकडचा नागपुरी नमुना परत आला, होता तसाच, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा न काढलेला. “लय चांगला हाये साहेब,” गार्ड म्हणाला. अभिप्राय संपला.

चिन्ना मला जाळरेषेवर भेटला. जाळरेषा म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून जंगलात साफ केलेला पट्टा. मी विचारलं, “चिन्ना, चाकू कुठी हाये?”

“देल्लो ना साहेब. मोठ्या साहेबाले देल्लो.”

“कवा?”

“मागं ते बंगल्यावर आल्ते ना, तवा. सकाळी.”

बंगला म्हणजे रेस्ट हाऊस, आमच्या रेंज ऑफिसला लागूनच. साहेब दौऱ्यावर आले की तिथे उतरत. मला हायसं वाटलं. मी साहेबांना फोन केला.

“मला?” साहेब म्हणाले. “मला कोणीही काहीही दिलेलं नाही.”

“चिन्ना म्हणते, तुम्हालाच दिला.”

“म्हणजे आमच्यापैकी एक जण खोटं बोलतोय. तो किंवा मी. तुमचं काय मत आहे?”

या प्रश्नाचं उत्तर कोणत्याच ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. मी म्हणालो, लाइन खराब आहे साहेब. लाइन अगदी साफ होती.

“चाकू मिळेपर्यंत त्याचा प्रस्ताव थांबवा,” साहेब म्हणाले. “जो माणूस एक चाकू सांभाळू शकत नाही, त्याच्या ताब्यात सरकारी जंगल कसं द्यायचं?”

आता हे वाक्य ऐकायला बरोबर वाटतं. पण त्या जंगलातली एक आग चिन्नानं चुकवली नव्हती. प्रस्ताव एकदा मागे पडला की पुढच्या वर्षी नवे साहेब, नवी यादी, आणि वयाची अट आडवी येणार. मला रात्री जेवण गोड लागलं नाही.

मी त्याच्या गावी गेलो. घरापुढे मोहाची फुलं वाळत घातलेली. सोमीबाई, चिन्नाची बायको, मला बघून उठलीच नाही. एरवी ती खाट टाकायची.

“जवानीभर सरकारची आग इझवली यानं,” ती म्हणाली. “आता एका सुरीपायी चोर झाला काऊन?”

“बाई, चोर कोणी म्हटलं नाई.”

“म्हणाले काय पायजे? कागद तं थांबला ना!”

मी चिन्नाला बाजूला घेतलं. “खरं सांग. हरवला असन तर तसं सांग. मी बघतो.”

“देल्लो साहेब. आईची आण. त्याह्यच्या समोर ठेवलो. ‘ठेवलो साहेब’ म्हणलो. ते ‘हं’ म्हणले.”

“मग असा पळून काऊन आला? पावती नाई, काही नाई.”

सोमीबाई काही बोलायला गेली, तर चिन्नानं तिच्याकडे डोळे वटारले. अंगणात त्यांचा कुत्रा पसरला होता, चांगला गुबगुबीत. चिन्ना त्याच्याकडेच बघत बसला. हा काहीतरी लपवतोय, एवढं मला कळलं. काय, ते कळलं नाही. मला त्याचा राग आला आणि त्याच्यासाठी जीवही तुटला. दोन्ही एकदमच.

आम्ही शोध सुरू केला. गार्डांना विचारलं, नाक्यावर विचारलं, चहावाल्याला विचारलं, बंगल्याचा खानसामा बाबूराव यालाही विचारलं. सगळ्यांना एकच वर्णन सांगितलं, “तपकिरी चामड्याचं म्यान, पितळी बटण.” बाबूराव म्हणाला, “असं म्यान बंगल्यात आलं असतं तं मी चमकवून ठेवलं असतं साहेब.” हनीफभाईंना निरोप गेला की कोणी विकायला आणला तर कळवा. त्यांचा उलट निरोप आला, “असं बटण कोणी वापस नाई करत.”

शेवटी साहेब स्वतः आले. चिन्नाचा जबाब घ्यायचा होता. साहेब रेंज ऑफिसात माझ्या खुर्चीवर बसले, मी बाजूला, चिन्ना दारापाशी उभा. बाहेर सोमीबाई बसली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं आणि हटकायची कोणाची छाती नव्हती. उन्हाचे दिवस, साहेबांनी जीपमधून संत्री मागवली. बरोबर त्यांची दौऱ्याची पिशवी आली. साहेब संत्रं सोलायला लागले.

“हे बघ मडावी, मला तुझं नुकसान करायचं नाही. पण सरकारी वस्तूची जबाबदारी म्हणजे काय ते कळलं पाहिजे. आता हा माझा चाकू बघ. साधा गावठी. ना बटण, ना काही. जीपची दोरी यानं कापतो, पेन्सिल यानं करतो, परवा फाशात अडकलेलं चितळ यानं सोडवलं. इतके दिवस माझ्याजवळ आहे. हरवला का?”

चिन्नानं साहेबांच्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा साहेबांच्या हाताकडे.

“साहेब मजाक करून राह्यले काय?” त्यानं मला विचारलं.

“कसली मजाक?”

“तोच तं हाये.”

खोलीत फक्त संत्र्याचा वास होता. मी पुढे वाकलो. पातं काळंनिळं पडलेलं, मूठ तेलानं आणि घामानं मुरलेली. नव्याचं काही उरलं नव्हतं. पण रिबिटा तीन होत्या, आणि मुठीजवळ हनीफभाईंचे तीन ठिपके. टेबलावर म्यान पडलं होतं. बांबूच्या दोन फाका पात्याच्या मापानं कोरून, पळसाच्या मुळीच्या दोरानं घट्ट बांधलेल्या, आणि खांद्यावरून तिरकं अडकवायला त्याच दोराचा लांब फास.

“हा?” साहेब म्हणाले. “हा मला बाबूरावनं दिला.”

बाबूरावला बोलावलं. त्याच्या हाताला पीठ होतं.

“हो साहेब, मीच देल्ला. तुम्हीच म्हणले ना, बाबूराव, तुझा चाकू फस्क्लास हाये, जीपमध्ये टाक.”

“तुझ्याकडे कुठून आला?”

“पायरीवर होता. चिन्नानं ठेवला. तो नेहमी काही ना काही ठेवून जाते, बांबूचे कवळे वास्ते, टेंभराची फळं. मले वाटलं सुरीही किचनसाठीच देल्ली. तुम्ही तिथीच होते साहेब. दाढी करून राह्यले होते.”

साहेबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. सकाळची वेळ, खांबाला टांगलेला आरसा, गालाला साबण, डोळे आरशात. चिन्ना येतो, पायरीवर त्यांच्या समोर चाकू ठेवतो, दोन पावलं मागे सरतो, “ठेवलो साहेब” म्हणतो. साहेब साबणातून “हं” म्हणतात. चिन्नाच्या हिशेबानं सरकारी वस्तू साक्षात डीएफओंच्या ताब्यात गेली. साहेबांच्या हिशेबानं कोणीतरी काहीतरी पुटपुटून गेलं. दोघंही खरं बोलत होते. आणि आम्ही सगळे गावभर पितळी बटण शोधत होतो.

साहेबांनी हातातली फोड खाली ठेवली. कोणीही दुसरा असता तर इथे हसून विषय संपवला असता. परांजपे साहेब ते परांजपे साहेब.

“मग म्यान कुठे आहे?” ते म्हणाले. “म्यानासकट सांगितलं होतं.”

चिन्ना लपवत होता ते हेच. पण तो बोलायच्या आधी दारातून सोमीबाईच बोलली.

“कुत्र्यानं खाल्लं!”

“काय?”

“चरबी लावली होती ना त्याले. पहिल्याच हप्त्यात खाल्लं. पूर्ण. बटण तेवढं सोडलं.” तिनं लुगड्याच्या गाठीतून पितळी बटण काढलं. चांगलं घासूनपुसून ठेवलेलं होतं. “हा म्हणे सांगू नको, कागद थांबन. मंग यानं बांबूचं केलं. कंबरेले बेल्ट नाई तं असं गळ्यात घालाचं केलं. काई वाईट केलं काय?”

तिनं बटण टेबलावर ठेवलं. ते धारेचं नव्हतं, हातात दिलं तरी चाललं असतं. पण तिनं धोका पत्करला नाही.

मी म्हणालो, “साहेब, हेच म्यान तुम्ही इतके दिवस वापरून राह्यले. काही तक्रार?”

साहेबांनी बांबूचं म्यान हातात घेतलं. चाकू आत सरकवला. उलटा केला. पडला नाही. पुन्हा काढला, पुन्हा घातला. बटण नव्हतं, तरी त्यांचा हात थांबेना. मग ते एकदम हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांना असं हसताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो, त्यामुळे आपण हसावं की नाही ते कोणाला कळेना. सोमीबाई पहिली हसली. मग सगळी खोली.

“मडावी,” साहेब डोळे पुसत म्हणाले, “माझं चुकलं. तू दिला होतास. मी घेतला होता.”

एवढं बोलणारा डीएफओ मी नोकरीत दुसरा पाहिला नाही. प्रस्तावावर त्यांनी तिथेच, माझ्या टेबलावर, संत्र्याच्या सालींत सही केली. कागदाला पिवळा डाग पडला. तो डागासकट वर गेला आणि मंजूर झाला.

निवड त्याच दिवशी झाली. मला वाटतं जगात हा एकच चाकू असेल ज्याची चाचणी निवड करणाऱ्या अधिकाऱ्यानं स्वतः, नकळत, इतके दिवस घेतली. चाकू हनीफभाईंनी घडवले. म्यानं चिन्नाच्या गावात बांबूची झाली. हनीफभाईंना चामडं नाकारल्याचं वाईट वाटलं. मी त्यांना कुत्र्याचं सांगितलं. ते म्हणाले, “कुत्र्यालेही पसंत पडलं म्हणजे माल चांगलाच होता.” धाकट्या भावाला त्यांनी हे कधी सांगितलं नाही असं ऐकतो.

त्या उन्हाळ्यात आग लागली तेव्हा प्रत्येकाच्या खांद्यावर दोर होता आणि प्रत्येकाच्या हातात हिरवी डहाळी. मी मागे उभा राहून बघितलं. बरं वाटलं.

चिन्ना कायम झाला. त्याला युनिफॉर्म मिळाला, बेल्ट मिळाला. बेल्ट तो वरिष्ठांच्या तपासणीला लावायचा. एरवी तो खुंटीला, बराच उंच, कुत्र्याचं तोंड पोचणार नाही इतका.

साहेबांची बदली झाली तेव्हा निरोपाला सगळे बंगल्यावर जमले. हार, नारळ, भाषणं झाली. चिन्ना शेवटी आला. त्यानं खांद्यावरून आपला चाकू काढला, म्यानासकट, आणि पायरीवर ठेवला. दोन पावलं मागे सरला.

“ठेवलो साहेब,” म्हणाला.

साहेबांची त्या सकाळी दाढी झालेली होती. ते पायऱ्या उतरून खाली आले, आमच्या सगळ्यांसमोर कमरेत वाकले आणि दोन्ही हातांनी चाकू उचलला. मग चिन्नाच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “मिळाला.”

पुढे मी खात्यासाठी बऱ्याच खरेद्या केल्या. बूट, टॉर्च, तंबू. लोक मला विचारतात, जंगलात न्यायला चांगला चाकू कसा निवडायचा. मी सांगतो, पात्याला फार वेळ देऊ नका, चांगला लोहार ते बघून घेतो. म्यान बघा. तुमच्याकडे बेल्ट आहे का ते बघा. घरी कुत्रा आहे का तेही बघा. आणि चाकू परत करायचा असेल तर समोरच्याचं तोंड साबणात नाही ना, तेवढं बघून मगच खाली ठेवा.